बावन्न हर्ट्झ आणि आईचं कपाट

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सकाळी दहाला मी चिंचवडमध्ये एका साउंडवाल्या काकांच्या गोडाउनात उभा होतो. माझं गाणं लावलं होतं, पण ऐकू येत होती ती नुसती किक, म्हणजे ड्रमचा खालचा जाड ठोका. धम्म, धम्म, धम्म. मागच्या पत्र्याला पण ताल सापडला होता.

देवीचा गोंधळ होता. ताईंचा आवाज, संबळ, तुणतुणं आणि खाली माझी इलेक्ट्रॉनिक किक. 'पारंपरिक पाहिजे, पण सिस्टिमवर पण वाजलं पाहिजे' अशी मंडळाची फर्माईश. ती कशी पूर्ण करायची हे अर्थातच मंडळाला विचारायचं नसतं.

काकांनी दुसऱ्या कडव्याआधीच हात वर केला.

"बाळा, संबळ कुठंय?"

"आहे की काका."

"असेल. आणि ताईंचा आवाज मधेमधे डुबकी का मारतोय?"

ही डुबकी मला नवी नव्हती. तीन दिवस मलाही आवाज दर ठोक्याला किंचित दबल्यासारखा वाटत होता. त्याचं खापर मी माइकवर फोडलं, मग आवाजाचे चढउतार आवरणाऱ्या कॉम्प्रेसरवर, आणि एकदा तर मनातल्या मनात ताईंवरही. किकवर संशय घ्यायचं कारणच नव्हतं, कारण घरी किक ऐकूच येत नव्हती. म्हणून तर मी ती रोज थोडी थोडी वाढवत होतो.

ही किक मी सॅम्पलमधून, म्हणजे तयार रेकॉर्डिंगमधून, उचललेली नव्हती, बनवलेली होती. साधी साइन लाट घ्यायची, सुरुवातीला सूर २५० हर्ट्झच्या आसपास ठेवायचा आणि पन्नासेक मिलिसेकंदांत तो खाली घसरवायचा. डग्ग्यावर मनगट दाबलं की सूर चढतो, इथे तो उतरतो, आणि त्या उताराचाच कानाला 'ठोका' वाटतो. १९८०च्या रोलँड टीआर-८०८ या ड्रम मशीनमध्येही किकचं रेकॉर्डिंग वगैरे काही नाही. एक सर्किट आहे, त्याला टिचकी मारली की ते घंटेसारखं घुमतं आणि विझतं. बाकी सगळी कलाकुसर ते कुठल्या सुरावर घुमावं आणि कधी विझावं याची.

सूर मी विचार करून निवडला होता. ताई गातात काळी चारमध्ये. तो षड्ज २०८ हर्ट्झच्या जवळ येतो. दोन सप्तकं खाली आणला की ५२. किकचा घुमारा तिथेच लावला, म्हणजे देवीच्या गाण्याला खालून षड्जाचाच आधार. कागदावर इतकं सुंदर दिसत होतं की मी स्वतःवरच खूश होतो.

गोडाउनातून परत येताना स्कूटरवर सगळं गाणं डोक्यात उलटंपालटं केलं. घरी आलो, पंखा लावला, खुर्चीत बसलो, फाइल चालू केली. किक परत गुळमुळीत. काकांची सिस्टिमच बिघडली असणार, असं चक्क वाटून गेलं.

आई चहा घेऊन दाराशी आली. "बंद कर जरा. तीन दिवस झाले, कपाट नुसतं खडखडतंय. मी चिंधी कोंबली दारात."

मागे वळून पाहिलं. माझ्या पाठीमागच्या भिंतीला गोदरेजचं जुनं कपाट. त्याच्या दोन दारांच्या फटीत जुन्या परकराची निळी चिंधी घडी घालून नीट बसवलेली. घरात किक ऐकलेलं एकच माणूस होतं, आणि त्या माणसाने तिचा बंदोबस्तही करून टाकला होता.

गाणं थांबवलं. ५२ हर्ट्झचा सलग सूर लावला आणि कपाटाला पाठ टेकून उभा राहिलो. छातीत भरला. एक पाऊल पुढे, थोडा कमी. आणखी एक, आणखी कमी. खुर्चीपाशी आलो तर सूर जवळजवळ गायब. पुढे स्पीकरमागच्या भिंतीकडे वाकलो, तर परत हजर. मी तीन-चार वेळा असा मागेपुढे गेलो. आई चहा हातात धरून बघत होती. "काय हरवलंय?" म्हणाली.

खोली ११ फूट लांब. ५२ हर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण २२ फूट. लाटेची अर्धी लांबी बरोब्बर दोन भिंतींमध्ये बसली की तो सूर खोलीत उभा राहतो: भिंतींपाशी हवेचा दाब सगळ्यात जास्त, मधोमध जवळपास शून्य. कान ऐकतो तो दाब. आणि मी मधोमध का बसलो होतो? पंखा तिथे आहे म्हणून. आपल्याकडे खोलीच्या मध्यभागी पंखा असतो आणि पंख्याखाली खुर्ची. ऑक्टोबरात दुसरीकडे कोण बसेल?

प्रोजेक्ट उघडून पाहिलं. ५२ वर मी ९ डेसिबल चढवले होते. म्हणजे त्या जागी ताकद जवळपास आठपट. अख्ख्या गाण्यावर शेवटी बसवलेला, आवाज ठरावीक पातळीवर जाऊ न देणारा लिमिटर दर किकला सगळं गाणं खाली दाबत होता, त्यात ताईही. डुबकी ती हीच. मीटरवर डोंगरासारखा उंचवटा तीन दिवस दिसत होता, पण 'मीटर बघू नकोस, कानाने मिक्स कर' हे ऐकत मोठा झालोय ना.

टेबल पुढे सरकवलं, खुर्ची समोरच्या भिंतीपासून सव्वाचार फुटांवर आणली. खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसावं असा एक रिवाज आहे. त्यात जादू काही नाही, पण मधोमधपेक्षा बरंच बरं. मग ते ९ डेसिबल काढले. किकची शेपटी ४५० मिलिसेकंद होती, लय मिनिटाला १२० ठोक्यांची, म्हणजे दोन ठोक्यांत जेमतेम अर्धा सेकंद. श्वास घ्यायला जागाच नव्हती. शेपटी २००वर कापली. संबळाच्या मोठ्या भांड्याचा घुमारा माझ्या रेकॉर्डिंगमध्ये १२० हर्ट्झच्या आसपास होता, तिथे किकचा आवाज उतरवून खळगा पाडला. संबळ दोन मिनिटांत वर आलं, जसं काही तिथेच दबा धरून बसलं होतं.

राहिला मोबाइल. त्याच्या स्पीकरला ५२ झेपत नाही. म्हणून किकवर हलकं डिस्टॉर्शन दिलं, म्हणजे लाट मुद्दाम थोडी बिघडवली, त्याने १०४, १५६, २०८ असे वरचे सूर निघतात आणि त्यांच्यावरून खालचा मूळ सूर कान स्वतःच भरून काढतो. यातला १५६ म्हणजे काळी चारचा मंद्र पंचम, ताईंच्या तानपुऱ्याची पहिली तार. हे मात्र मी ठरवून केलेलं नव्हतं.

किकच्या सुरुवातीला टिचकीसारख्या आवाजाचा वरचा थर जोडला तर अख्खी किक पोकळ झाली. लाट उलटी करणारं पोलॅरिटीचं बटण दाबलं, भरली. अशा गोष्टींवर पूर्वी माझी अख्खी दुपार जायची.

संध्याकाळी सातला फाइल काकांना पाठवली. वीस मिनिटांनी फोन.

"संबळ सापडलं," काका म्हणाले. "किक अजून थोडी वाढवली तर चालेल का?"

त्यांना म्हटलं, तिथे तुमच्या मिक्सरवर वाढवा, मी हात लावणार नाही.

आईने रात्री कपाटातली चिंधी काढली. पण खुर्चीच्या जागी आता माझा कीबोर्डचा स्टँड आलाय, त्यामुळे कपाटाचं एक दार अर्धंच उघडतं. नऊवारी त्याच बाजूला आहे आणि सकाळी घट बसायचे आहेत.