राजगडावर जाताय? संजीवनी माची आधी करा

राजगडावर येणारी बहुतेक मंडळी पद्मावती माची (माची म्हणजे गडाची तटबंदी घातलेली डोंगरसोंड) आणि बालेकिल्ला, म्हणजे गडाचा सर्वांत उंच भाग, बघून उतरायला लागतात. संजीवनी लांब पडते म्हणून राहून जाते. आम्ही यंदा मुद्दाम क्रम उलटा केला, आणि तुम्हीही तेच करावं असं मनापासून वाटतं.

पुण्याहून सातारा रस्त्यानं नसरापूर फाट्याला वळायचं आणि मार्गासनीवरून पायथ्याचं गुंजवणे गाव गाठायचं. अंधार असतानाच पुणं सोडा. गुंजवण्यातून चोर दरवाज्याची वाट रमतगमत दोन-अडीच तासांची. शेवटचा टप्पा उभ्या कातळाचा आहे, रेलिंग असलं तरी दोन्ही हात मोकळे हवेत. वाकून दरवाज्यातून आत शिरलं की समोर पद्मावती तळं. इथल्या देवळापुढची समाधी शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाईंची मानली जाते. त्यांचं निधन १६५९ मध्ये याच गडावर झालं. १६७० मध्ये राजाराम महाराजांचा जन्मही इथलाच.

ऊन चढायच्या आत थेट संजीवनीकडे निघा. माचीच्या टोकापर्यंत जाऊन यायला दोन तास तरी धरा. इथली दुहेरी तटबंदी बघताना पाय निघत नाही. बाहेरचा तट, आतला तट आणि मधे माणूस जेमतेम मावेल एवढी खोल चिंचोळी जागा. बुरुजांनाही असंच दुहेरी चिलखत. तोफांनी बाहेरचा बुरुज ढासळला तरी आतला उभा, आणि आत घुसलेला शत्रू त्या बोळात कोंडला जाणार! बोळात उतरायला अरुंद पायऱ्या आहेत, एकेकानं आणि सावकाश उतरा. गवत माजलेलं असेल तर काठीनं आपटत पुढं व्हा. टोकावरून समोर तोरणा दिसतो.

बालेकिल्ला त्यानंतर. त्याच्या खड्या, अरुंद वाटेवर शनिवार-रविवारी चढणारे-उतरणारे अडकून पडतात, म्हणून जमलं तर मधल्या वारी जा. पावसात ही वाट निसरडी होते आणि धुक्यात वरून काहीच दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

सुवेळा माचीवरच्या नेढ्याच्या (कातळाला आरपार पडलेल्या भोकाच्या) बाजूला कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, परफ्यूम, धूर, आरडाओरडा टाळा. पाणी माणशी तीन लिटर न्या. सुट्टीच्या दिवशी गावातली माणसं वर ताक, लिंबू सरबत, पिठलं-भाकरी विकतात. त्यांच्याकडून जरूर घ्या, पण भरवसा स्वतःच्या डब्यावर ठेवा.

लहान मुलं किंवा वडीलधारी बरोबर असतील तर पाली दरवाज्याची वाट धरा. ती रुंद, बांधीव पायऱ्यांची आहे. गुंजवण्यातून चढून पाली दरवाज्यानं उतरणं सर्वांत छान, मात्र गाडी वळसा घालून पलीकडे आणणारं कोणी तरी हवं. तशी सोय नसेल तर चोर दरवाज्यानंच परत या, आणि तो कातळ उजेडात उतरता येईल अशा बेतानं दुपारी तीनपर्यंत गड सोडा.