पंपाला घाम फुटला तेव्हा

जुलैत लोट्याच्या एमआयडीसीत कोरडं असं काही नसतं. पाइप ओले, पत्रे ओले, आपणही ओलेच. त्यामुळे त्या सकाळी हेल्पर सांगत आला, "काका, सात नंबरच्या पंपाला सीलपाशी पाणी सुटलंय," तेव्हा माझं निम्मं लक्ष चहात होतं.

"पावसाचं असेल रे."

"मग शेजारचा स्टँडबाय पंप कोरडा कसा?"

पोरगं आयटीआयमधून येऊन तीन महिने झाले नव्हते. कप ठेवला आणि गेलो.

सील म्हणजे फिरता शाफ्ट पंपातून बाहेर येतो तिथे गळती अडवणारा भाग. त्याच्या ग्लँड प्लेटवर, म्हणजे बाहेरच्या झाकणावर, बारीक दव जमलं होतं, गार पाण्याच्या तांब्यावर जमतं तसं. पंपात होतं ॲसिटोन. हे द्रव गळताना सहसा दिसत नाही. थेंब धरायच्या आत उडून जातं, उडताना लोखंडाची ऊब घेऊन जातं, आणि गार पडलेल्या लोखंडावर कोकणातल्या हवेतलं पाणी येऊन बसतं. म्हणजे पाणी खरंच पाणी होतं, गळत होतं ते दुसरंच. बेसप्लेटचा रंगही तेवढ्याच जागी फुगून सुटला होता. नेलपॉलिश काढायच्या बाटलीसारखा वास येत होता, पण नाकाच्या भरवशावर राहू नये. थोड्या वेळात नाकाला सवय होते.

डिटेक्टर लावला. सीलपाशी एलईएलच्या १४ टक्के. एलईएल म्हणजे वाफ पेटू शकेल असं हवेतलं किमान प्रमाण. ॲसिटोनसाठी ते हवेच्या साधारण अडीच टक्के. ही वाफ हवेच्या दुप्पट जड, त्यामुळे डिटेक्टर छातीशी धरून फिरणाऱ्याला काही कळत नाही. खाली, गटाराच्या तोंडाशी धरला तर २२.

स्टँडबाय चालू केला, सात नंबर थांबवला. परमिट, वीज तोडून कुलूप, किल्ली माझ्या खिशात. दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून टॅग. केसिंगमधला माल नायट्रोजनने बंद ड्रममध्ये ढकलला, मग पाण्याने धुतलं. ॲसिटोन पाण्यात मिसळतं, तेवढं एक सुख. बोल्ट ढिले करताना आधी आपल्या पलीकडच्या बाजूचे. आत काही उरलं असेल तर ते तोंडावर येऊ नये, समोरच्या भिंतीवर जावं. पाने पितळी. हे सगळं शिकवताना मी पोराला दोनदा ओरडलो, त्याचं मला वाईट वाटत नाही.

सील बाहेर काढून बाकावर ठेवलं आणि जेवायला गेलो. हीच माझी चूक.

परत येऊन बघतो तर दोन्ही फेस, म्हणजे सीलमधल्या एकमेकांवर घासणाऱ्या दोन चकत्या, आरशासारखे. सील कोरडं चाललं असतं तर कार्बनवर चरे आणि समोरच्या कडक फेसवर उष्णतेच्या भेगा दिसल्या असत्या. शाफ्ट डुलत असता तर घासल्याचा पट्टा रुंद असता. डायल गेज लावून अलाइनमेंट बघितलं, ०.०४ मिलिमीटर, म्हणजे तेही ठीक. ओ-रिंगा, म्हणजे रबराच्या गोल कड्या, नेहमीसारख्या. साहेब म्हणाले, "सीलची नवीन कार्ट्रिज टाका आणि मोकळे व्हा." टाकली. कशासाठी, ते मला ठाऊक नव्हतं.

चौथ्या दिवशी स्टँडबायला घाम फुटला.

एक पंप गळला तर पंपात शोधावं. दोन्ही एकाच तऱ्हेने गळले तर पंपाबाहेर शोधावं. या वेळी सील निघाल्या निघाल्या ओ-रिंगला व्हर्नियर लावला. ३.५३ मिलिमीटर जाडीची रिंग ४.२ भरली. तासाभराने पुन्हा मोजली तर ३.८. पोटातलं ॲसिटोन उडत होतं आणि रिंग पुन्हा शहाण्यासारखी होत होती. पहिल्या वेळी आम्ही जेवत होतो तेव्हा तिने हेच केलं असणार.

ही रिंग फिरत्या फेसच्या मागे बसते. फेस झिजेल तसा स्प्रिंग त्याला पुढे ढकलतो आणि त्याच्यासोबत रिंगने सरकायचं असतं. ती फुगून जागीच अडकली. स्प्रिंग बिचारा काय करणार? फेस चांगले असूनही मिटत नव्हते.

रिंग का फुगली? मेपर्यंत त्या लाइनीत टोल्युइन हे दुसरं द्रावक होतं. जूनमध्ये नव्या मालासाठी ॲसिटोन आलं. पंप तेच, सील तेच, रिंगा व्हायटॉन रबराच्या. टोल्युइनला व्हायटॉन उत्तम, ॲसिटोनला अगदी नालायक. ईपीडीएम या दुसऱ्या रबराचं बरोबर उलटं. बदलाच्या कागदावर टाकी होती, लाइन होती, गॅस्केटसुद्धा होतं. सीलच्या रिंगेसाठी रकानाच नव्हता. मी स्वतः त्या कागदावर सही केली होती.

साहेबांना पटावं म्हणून लॅबच्या फ्यूम हूडमध्ये झाकणाच्या काचेच्या बरणीत ॲसिटोन घेऊन नवी कोरी व्हायटॉन रिंग टाकली. दुसऱ्या दिवशी ती खाचेत बसेना. साहेब काही बोलले नाहीत, नवा रकाना मात्र त्याच दिवशी आला.

तूर्त ईपीडीएम टाकलंय. स्टोअरमध्ये दोन्ही काळ्या, मापाने सारख्या, डोळ्यांना ओळखू येत नाहीत. शंका आली की लॅबच्या काट्यावर ठेवतो. त्याच मापाची व्हायटॉन जवळपास दीडपट भरते.

ऑक्टोबरात टोल्युइन परत येणार, म्हणजे ईपीडीएम फुगणार. दोन्हींना टिकणारी एफएफकेएम या तिसऱ्या रबराची रिंग मागितली, तेव्हा खरेदीवाल्यांनी किंमत बघून मला फोन केला, "सोन्याची आहे का हो?" शेवटी मागच्या आठवड्यात आल्या. बसवण्याआधी एक टोल्युइनच्या बरणीत आणि एक ॲसिटोनच्या बरणीत टाकून ठेवली आहे. आज तिसरा दिवस. रोज सकाळी पोरगाच मोजतो आणि वहीत लिहितो. दोन्ही अजून ३.६ च्या आत आहेत.