जीपीएसमॅप २९६ आणि एक्स-प्लेन : तेरा अंशांचा घोळ

विमानात वापरायचा जुना, हातात मावणारा जीपीएस घरच्या सिम्युलेटरला जोडण्याचे काम आता बऱ्यापैकी मार्गी लागले आहे, म्हणून आतापर्यंतची प्रगती आणि मधल्या चुका येथे सविस्तर नोंदवून ठेवत आहे. यंत्र गार्मिनचे जीपीएसमॅप २९६, म्हणजे २००४ सालचे. कॅलिफोर्नियात छोटी विमाने उडवणाऱ्या माझ्या आतेभावाने नवे यंत्र घेतल्यावर ते मला दिले. एक्स-प्लेन या सिम्युलेटरमधील सेस्ना १७२ हे छोटे विमान ज्या ठिकाणी असेल त्याच ठिकाणी आपण आहोत असे या यंत्राला वाटावे, आणि त्याची बटणे दाबत, त्याच्याच पडद्याकडे पाहत उड्डाण करता यावे, एवढाच हेतू आहे. टॅबलेटवर नकाशा उघडणे यापेक्षा फार सोपे आहे हे मान्य. पण त्यात बटणे नाहीत.

पहिले दोन शनिवार-रविवार एनएमईए ०१८३ या, जीपीएस यंत्रांनी एकमेकांना माहिती देण्याच्या ठरावीक पद्धतीत वाया गेले. सिम्युलेटरमधून आरएमसी आणि जीजीए ही स्थान सांगणारी वाक्ये ४८०० बॉडने (बॉड म्हणजे माहिती पाठवण्याचा वेग) पाठवायची, शेवटी चेकसम, म्हणजे चूक पकडणारा पडताळा-अंक, जोडायचा, की काम झाले, अशी माझी समजूत होती. चेकसम अचूक होता, वाक्येही निर्दोष होती, तरीही यंत्र ढिम्म हलले नाही. याचे कारण साधे निघाले : हे यंत्र एनएमईएमधून स्वतःचे स्थान इतरांना सांगते, मात्र दुसऱ्याने सांगितलेले स्थान त्या मार्गाने स्वीकारत नाही. त्यासाठी त्यात ‘एव्हिएशन इन’ हा वेगळा पर्याय आहे, जो मुळात विमानाच्या पॅनेलवरील मोठ्या जीपीएसकडून माहिती घेण्यासाठी दिलेला आहे. आपला संगणक त्या पॅनेलवरील जीपीएसचे सोंग घेतो, एवढेच.

जोडणीबाबत एकच सावधगिरी सांगतो. यंत्राच्या डेटा केबलला आरएस-२३२ या जुन्या सिरियल जोडणीच्या पातळीचे संकेत लागतात, ज्यात तर्क १ (द्विमान १) म्हणजे ऋण व्होल्टेज असते. माझ्याकडील स्वस्त यूएसबी मॉड्यूल ३.३ व्होल्टचे टीटीएल संकेत (ज्यांत १ म्हणजे धन व्होल्टेज) देत होते, म्हणजे पातळी अपुरी आणि संकेत उलटे. मधे मॅक्स ३२३२ या, संकेतांची पातळी बदलणाऱ्या चिपची छोटी पट्टी घातल्यावर प्रश्न मिटला. यंत्राचा अँटेना मी काढूनच ठेवला आहे, म्हणजे खिडकीतून खरे उपग्रह सापडून गोंधळ होण्याचा संभवच उरत नाही.

संदेशाची रचना जुन्या पद्धतीची आणि वाचायला सोपी आहे. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक अक्षर असते : छोट्या लिपीतील ‘झेड’ म्हणजे फुटांतील उंची, ‘ए’ अक्षांश, ‘बी’ रेखांश, ‘सी’ विमान जमिनीवरून प्रत्यक्ष ज्या दिशेने सरकते ती दिशा, ‘डी’ नॉटमधील वेग आणि ‘क्यू’ म्हणजे चुंबकीय उत्तर व खरी उत्तर यांतील फरक. हे सारे ९६०० बॉडने सेकंदाला एकदा पाठवायचे असते. एक्स-प्लेनकडून माहिती मिळवण्यासाठी ४९००० क्रमांकाच्या यूडीपी पोर्टवर (नेटवर्कवरील संदेशांच्या दारावर) ‘आरआरईएफ’ ही, हवी ती मूल्ये मागणारी विनंती पाठवली. ती बरोबर ४१३ बाइटची असावी लागते.

पहिली यशस्वी चाचणी लोहगावहून जुहूकडे झाली. या यंत्रातील विमानतळांची माहिती अमेरिका खंडापुरती असल्याने पडद्यावर ना लोहगाव होते ना जुहू. पण विमानाचे चिन्ह सरकत होते आणि यंत्रावरची दिशा कॉकपिटमधल्या होकायंत्राशी तंतोतंत जुळत होती. पंधरा दिवस मी याच समाधानात होतो.

नंतर, नकाशावर विमानतळ दिसावेत म्हणून कॅलिफोर्नियातील पालो आल्टोहून हाफ मून बे येथे उड्डाण केले, आणि चिन्ह आपल्या मार्गरेषेशी तिरके होऊन, खेकड्यासारखे सरकू लागले. आधी वाऱ्याला दोष दिला, कारण आडवा वारा असला की विमानाचे नाक आणि त्याची वाट यांत फरक पडतोच. वारा शून्य केला, तरी फरक तेवढाच राहिला : तेरा अंश. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. एक्स-प्लेनमधून मी घेतलेली दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजलेली होती, तर ‘सी’ ओळीत चुंबकीय दिशा अपेक्षित असते. पुण्या-मुंबईकडे या दोन उत्तर दिशांतील फरक शून्याच्या अगदी जवळ असल्यामुळे चूक दिसलीच नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात मात्र तो सुमारे १३ अंश पूर्व आहे. घरच्या आकाशात चाचणी घेऊन निश्चिंत झालो, ही खरी चूक. आता विमानाच्या खऱ्या हेडिंगमधून (हेडिंग म्हणजे नाकाची दिशा) चुंबकीय हेडिंग वजा करून फरक काढतो, म्हणजे धन-ऋण चिन्हाची शंका राहत नाही, आणि तोच फरक मार्गाच्या दिशेतून वजा करून ‘क्यू’ ओळीतही पाठवतो.

त्याच उड्डाणात किनाऱ्याआधीची डोंगररांग ३५०० फुटांवरून ओलांडताना यंत्रातील भूप्रदेशाचे पान, जे धोक्याइतकी जवळची जमीन लाल दाखवते, लालेलाल झाले. एक्स-प्लेन उंची मीटरमध्ये देते आणि मी ती तशीच पुढे ढकलली होती, त्यामुळे आपण १०६७ फुटांवर आहोत अशी यंत्राची समजूत झाली. त्याचा इशारा त्याच्या परीने योग्यच होता.

तिसरी चूक सर्वांत बारीक होती. अक्षांश अंश, मिनिटे आणि मिनिटाचे शतांश असा लिहावा लागतो. मी आधी अंश वेगळे करून मग मिनिटांचे पूर्णांकन करत होतो. कॅलिफोर्नियातच वॉटसनविलकडे जाताना ३७ वा अक्षांश दक्षिणेकडे ओलांडला, तेव्हा माझ्या नोंदफाइलमध्ये ‘३६ अंश ६०.०० मिनिटे’ असे अशक्य मूल्य आढळले. ही चूक सुमारे नऊ मीटरांच्या पट्टीतच होते, आणि १०० नॉट वेगाने सेस्ना सेकंदाला ५१ मीटर जाते, म्हणून ती पाच-सहा फेऱ्यांत एखाद्या वेळी सापडते. उपाय असा की, आधी संपूर्ण अक्षांशाला ६००० ने गुणून त्याचे पूर्णांकन करावे, आणि मग ६००० ने भागावे. भागाकार म्हणजे अंश आणि बाकी म्हणजे मिनिटे व शतांश.

मिनिटाचा शतांश म्हणजे १८.५ मीटर, त्यामुळे टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर हळू चालताना, चिन्ह उड्या मारत पुढे जाते; त्याला इलाज नाही आणि हवेत ते जाणवतही नाही. ठरवलेल्या मार्गापासून किती बाजूला आहोत हे सांगणारी ‘जी’ ओळ आणि पुढच्या टप्प्याचे नाव देणारी ‘के’ ओळ मी अजून पाठवत नाही. तूर्त गंतव्य यंत्रातच ‘डायरेक्ट टू’ दाबून निवडतो, आणि काल हाफ मून बेच्या ३० क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरताना ते पुरेसे ठरले.