गांधारीचं खोरं पुठ्ठ्यावर : नोंद तिसरी

मंडळी, गांधारी नदीच्या खोऱ्याची पुठ्ठ्याची प्रतिकृती करतो आहे, त्यातला रायगड उभा राहिला. ८२० मीटरचा डोंगर, दर ४० मीटरला दोन मिलिमीटरचा एक पुठ्ठा, असे वीस थर. १:५०,००० च्या टोपोशीटवर (उंचीच्या रेषा दाखवणाऱ्या नकाशावर) ही उंची खऱ्यापेक्षा अडीचपट होते, पण खरं माप धरलं तर कडे ताटातल्या भाकरीएवढेच उठतात. गडाच्या पूर्वेला काळ नदीची दरी आणि पलीकडे लिंगाणा, पश्चिमेला आपली गांधारी. हा भाग मजेत झाला. कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, एकमेकांना चिकटलेले, कटर नुसता त्यांच्या मागे फिरवायचा.

घोळ झाला तो खाली. डोंगर सुटला की कंटूर एकदम विरळ होतात आणि महाडजवळ संपतातच. शिटावर पहिली रेषाच २० मीटरची, आणि मी एकाआड एक रेषा घेतल्यामुळे माझी पहिली ४० ची. त्यामुळे गांधारपाले लेण्यांच्या डोंगराखाली, जिथे गांधारी सावित्रीला मिळते, तिथे माझ्याकडे एक सपाट पुठ्ठा. नदी कुठून कुठे वाहते तेच दिसेना. त्यात पावसाळी हवेने पुठ्ठा कडेने वर वळला. फेविकॉल लावून वर पाटा ठेवला तेव्हा कुठे बसला.

वैतागून एक खेळ केला. सगळ्यावर पातळ प्लास्टिक दाबून बसवलं आणि गडाच्या बाजूने तांब्याभर पाणी सोडलं. पऱ्यांमधून, म्हणजे डोंगरातल्या ओढ्यांमधून, ते सरसर उतरलं आणि महाडात येऊन रेंगाळलं. मग दासगावच्या बाजूला तळहात आडवा धरला, म्हणजे बाणकोट खाडीतून भरती चढते आहे असं समजा. पाणी मागे फिरून गांधारीतच शिरलं. मी हरखून आईला हाक मारली. ती म्हणाली, "एवढं बघायला महिनाभर पुठ्ठे कापलेस? जिन्यावरची रेघ बघायचीस की." रेघ जुलै २०२१ च्या पुराची. खालून सातवी पायरी.

तर आता सपाटीचा पुठ्ठा उचकटला आहे. २० ची रेषा घेतली, आणि त्याखालचा उतार कागदाच्या लगद्याने बोटानेच ओढला. हे मोजमापाने नव्हे, अंदाजाने, हे कबूल. जाणकारांनी नाक मुरडलं तरी चालेल.

नदीसाठी भरतकामाचा सहापदरी निळा दोरा घेतला आहे. पऱ्यांना एक पदर, गांधारीला तीन, सावित्रीला पूर्ण सहा. सावित्री पार महाबळेश्वराहून येते. तिथल्या पाच नद्यांत सरळ पश्चिमेला समुद्र गाठणारी तीच, तेवढा मान हवाच. संगमाशी तीन पदर सहात मिसळताना गाठ दिसते आहे. सुईने खालून ओढून घेतली, तरी फुगवटा राहिलाच. लगदा वाळला की पुन्हा बघतो.