मंगळवारची दुपार

शनिवार, रात्र

भाचीने संध्याकाळी व्यक्तिमत्त्व चाचणीचा निकाल पाठवला. आय-एन-एफ-पी, म्हणजे त्या चाचणीतल्या सोळा स्वभावप्रकारांपैकी एक. खाली यादी : लेखक, समुपदेशक, ग्राफिक डिझायनर, ग्रंथपाल. आणि त्याखाली तिचा प्रश्न, "मावशी, यातलं कोणतं घेऊ?"

ही चार अक्षरं देणारी चाचणी कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगच्या कल्पनांवरून रचली. दोघींनीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. त्याचं मला फारसं काही नाही. खटकतं ते हे, की या चाचणीच्या लेखी माणूस एकतर अंतर्मुख नाहीतर बहिर्मुख, आणि आपण बरेचसे असतो अध्येमध्ये कुठेतरी. म्हणून तर काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा सोडवली की अनेकांचं एखादं अक्षर बदलून येतं.

पण वर्णन तंतोतंत जुळतं ना, असं भाची म्हणणारच. तिला फोररची गोष्ट सांगायला हवी. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाच्या हातात 'हे तुझं वर्णन' म्हणून कागद ठेवला. मजकूर सगळ्यांना एकच होता, ज्योतिषाच्या पुस्तकातून जुळवलेला. मुलांनी त्याला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले!

त्यापेक्षा मला मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंडची, कुणाला कोणतं काम मानवेल याची मांडणी कामाची वाटते. १९५९ पासून त्याने ती मांडायला घेतली. हातांनी घडवणारे, शोध घेणारे, कलेत रमणारे, शिकवणारे-सावरणारे, पुढाकार घेऊन लोकांना राजी करणारे, आणि नोंदी-आकडे नेटके ठेवणारे असे सहा कल. एकाच कप्प्यात कुणी बसत नाही, दोन-तीन कलांचं मिश्रण असतं, हे त्यालाही मान्य. त्याची खरी हुशारी पुढे आहे. त्याने माणसांसारखीच कामाच्या जागांचीही त्याच सहा प्रकारांत वर्गवारी केली, कारण जागेला स्वभाव येतो तो तिथे काम करणाऱ्यांमुळे.

माझा कल सहावा, यात शंकाच नाही. हिशेब तपासायचं काम लोकांना कंटाळवाणं वाटतं, आणि त्यांना ते का वाटतं हे मला आजवर कळलेलं नाही. दोन्हीकडच्या बेरजा जुळत नाहीत, फरक येतो ३६०. लगेच ९ ने भागून बघायचं. नि:शेष भाग गेला की संशय घ्यायचा आकड्यांच्या अदलाबदलीचा, म्हणजे कुणीतरी ७,८४० च्या जागी ७,४८० लिहिलेलं असू शकतं. मग त्याच नजरेने नोंदी चाळायच्या. ती एक नोंद सापडते तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसते. आजूबाजूला कुणाला पत्ताही नसतो, आणि नसला तरी माझं काही अडत नाही.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी याच कामाने कोमेजला होता. हुशार, पण दिवसभर कुणाशी चार शब्द बोलायला मिळाले नाहीत की त्याचा जीव गुदमरायचा. सगळे म्हणत होते, क्षेत्रच बदल. त्याने क्षेत्र बदललं नाही, टेबल बदललं. आता तो नव्या ग्राहकांना भेटतो, त्यांना समजावून सांगतो, त्यांच्याशी वाद घालतो. शिक्षण तेच, कार्यालय तेच, माणूस मात्र खुलला. डॉक्टरांतही एक जण बंद खोलीत एक्स-रे वाचतो आणि एक तातडीच्या विभागात उभा असतो. दोघांना एका नावाने हाक मारतात, म्हणून दोघांचा दिवस एक होत नाही.

भाची अबोल आहे म्हणून 'तू शिक्षिका होऊ नकोस' असं घरात दोघा-तिघांनी सुनावलंय. मला हे पटत नाही. ब्रायन लिटल हा कॅनडातला मानसशास्त्रज्ञ स्वतः पक्का अंतर्मुख, पण विद्यार्थ्यांवरच्या प्रेमापोटी व्याख्यानं अशी रंगवायचा की कुणाला खरं वाटू नये. व्याख्यान संपलं की स्वच्छतागृहात जाऊन दडी मारून बसायचा, हे त्याने स्वतःच सांगितलंय. म्हणजे स्वभावाला मुरड घालता येते, पण मनापासून आवडणाऱ्या गोष्टीसाठी, आणि नंतर सावरायला जागा मिळाली तर. नावडत्या कामासाठी रोज मुखवटा चढवायचा म्हटलं तर माणूस घरी येऊन चिडचिड करतो, दुसरं काय.

तर तिला लिहिलं : यादी बाजूला ठेव. त्या त्या कामातल्या माणसाला गाठ आणि विचार, मंगळवारी दुपारी तीन वाजता तुम्ही काय करत असता? एकटे असता की घोळक्यात? मधेच कुणी उठवतं का? चूक झाली तर कधी कळते, त्याच तासाला की वर्षाने? कामाचा कोणता भाग टाळावासा वाटतो? पगाराचंही विचार, लाजू नकोस. पोट भरणं हाही स्वभावाचाच भाग आहे, पैशाची धास्ती असलेला माणूस कुठल्याच कामात रमत नाही.

तिचं उत्तर लगेच आलं. "मग आधी तुझ्याच ऑफिसात येऊन बसू का एक दिवस?"

म्हटलं ये, पण वर्षअखेरीला ये. एरवीच्या निवांत दिवसांत हे काम कुणालाही आवडेल.