शिंगराचे ठोके

होळीच्या आदल्या आठवड्यात, पहाटे अडीचला आमची घोडी व्याली. दोन वर्षांपूर्वी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली मारवाडी, तिचं हे पहिलंच वेत. अकरा महिने पोटात वाढवायचं आणि शेवटचा कारभार वीस मिनिटांत उरकायचा, तोही सगळे झोपलेले असताना, असा या जातीचा स्वभाव. कासेच्या टोकांवर दोन दिवसांपासून मेणासारखे थेंब दिसत होते, म्हणून मी आणि सालदार खळ्यातच खाट टाकून होतो.

शिंगरू नर निघालं. नाक पुसलं, नाळेला पातळ केलेलं आयोडीन लावलं आणि आबांच्या बीपीच्या मशीनचा स्टेथोस्कोप त्याच्या डाव्या कोपरामागे टेकवला. नको ते केलं. दोन ठोके, मग काहीच नाही, मग घाईघाईने तीन, पुन्हा एक लांब पोकळी. माझ्याच छातीत धडधडायला लागलं. तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते झोपेतच म्हणाले, "भाऊ, किती मिनिटं झाली जन्मून?" म्हटलं, पाच-सात. "मग यंत्र बाजूला ठेवा. बाहेर येताना नाळेचा पुरवठा तुटतो, प्राणवायू कमी पडतो, त्यात हृदयाला लगाम घालणारी नस जोरात असते. पहिली पंधरा मिनिटं ठोके असेच अडखळतात. जीभ गुलाबी आहे ना? मान उचलतंय ना? तासाभराने मोजून सांगा."

तासाभराने मोजले. जन्मतः सत्तरच्या आसपास होते ते सव्वाशेवर गेलेले, आणि एकसारखे. ठोक्याबरोबर डावीकडे एक घरघर ऐकू येत होती. डॉक्टर म्हणाले, पोटात असताना उघडी असलेली रक्ताची वाट बंद व्हायला काही दिवस लागतात, तिचाच तो आवाज. तोवर शिंगरू चार वेळा पडून पाचव्यांदा उभं राहिलं होतं. तासात उभं, दोन तासांत चीक, तीन तासांत घोडीची वार, हे गणित मला तोंडपाठ, आणि तिन्ही वेळेत झालं. चिकाची घाई अशासाठी की शिंगरू आईकडून रोगाशी लढायची ताकद पोटात असताना घेऊन येत नाही, ती चिकातूनच मिळते आणि आतडं ती पहिल्या दिवसातच घेऊ शकतं. सकाळी मी वहीत "ठोके ठीक" असं लिहिलं आणि स्टेथोस्कोप खुंटीला टांगला.

चूक तिथे झाली.

तिसऱ्या दिवशी ते शेपटी उचलून कुंथायला लागलं. पहिली काळी लीद अडकली असणार, असं मी ठरवूनच टाकलं आणि साबणाच्या कोमट पाण्याचा एनिमा दिला. थोडी लीद आलीही, म्हणून खूश. संध्याकाळी पुन्हा तेच. आई ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "हागाले नही रे, मुताले कुंथी ऱ्हायनं ते." मी ऐकलं आणि सोडून दिलं. नंतर डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कळलं की आईने नेमकं काय पाहिलं होतं. लीद अडकली की शिंगरू पाठ कमानीसारखी वर काढतं. लघवीसाठी कुंथतं तेव्हा मागचे पाय लांब टाकून पाठ खाली वाकवतं. आमचं शिंगरू पाठ खाली टाकत होतं, आणि पोट माठासारखं फुगत चाललं होतं.

रात्री दहाला ते दूध सोडून पडून राहिलं, तेव्हा खुंटीवरचा स्टेथोस्कोप काढला. या वयात मिनिटाला ऐंशी ते शंभर हवेत. मला बावन्न मिळाले, मध्ये मध्ये गाळलेले.

डॉक्टर अर्ध्या तासात आले. पोटात सुई घातली तर पिवळसर पाणी निथळायला लागलं. ते पाणी आणि रक्त दोन्ही माणसांच्याच लॅबमध्ये पाठवलं, लॅबवाल्याला उठवून. पाण्यातलं क्रिएटिनिन, म्हणजे लघवीवाटे बाहेर जाणारा शरीरातला कचरा, रक्तातल्याच्या तिपटीहून जास्त होतं. दुप्पट असलं तरी ती लघवीच समजतात. मूत्राशय फाटलेलं. नरांमध्ये हे जास्त होतं. पोटात साठलेली लघवी शरीर पुन्हा शोषतं, सोडियम उतरतं, पोटॅशियम चढतं आणि हृदय मंदावतं. आमचं पोटॅशियम ७.१ होतं.

मला वाटलं, लगेच पोट उघडायचं. डॉक्टर म्हणाले, "या आकड्यावर भूल दिली तर टेबलावरच थांबेल." आधी कॅल्शियम आणि ग्लुकोज, पोटॅशियम नसलेलं सलाईन, आणि पोटातलं पाणी हळूहळू काढणं. एकदम काढलं तर रक्तदाब कोसळतो. शस्त्रक्रिया इथे होणार नव्हती. पिकअपमध्ये कडबा आणि गोधड्या अंथरून निघालो: प्रकाशा, नंदुरबार, नवापूर, आणि पुढे गुजरातेत जनावरांचं मोठं इस्पितळ. घोडी मागे उभी, शिंगरू माझ्या मांडीवर, सलाईनची बाटली सालदाराच्या हातात. तो पुलावर मनातल्या मनात तापीमाईला हात जोडत होता, पण बाटलीचा हात काही खाली आला नाही. मी बॅटरीच्या उजेडात दर दहा मिनिटांनी मोजत होतो. चोपन्न, अठ्ठावन्न, नवापूरला सहासष्ट.

तिथे ईसीजीची पट्टी दाखवली. ठोक्याआधीचा बारीक उंचवटा जवळजवळ सपाट झालेला, शेवटचा मात्र तंबूच्या खुंट्यासारखा टोकदार. पोटॅशियम साडेपाचच्या खाली येईपर्यंत त्यांनी हात लावला नाही. सकाळी नऊला घेतलं. फाट मूत्राशयाच्या पाठीवर होती, चार बोटं.

सहाव्या दिवशी लघवीची नळी काढली. मी काचेपलीकडून ठोके मोजायच्या नादात होतो आणि त्याने पाय लांब टाकून, पाठ खाली करून सरळ धार सोडली. आकडा विसरलो. घरी फोन केला तर आईने एवढंच विचारलं, "मुतनं का?"

खर्च किती झाला ते आबांना अजून सगळं सांगितलेलं नाही. सालदार म्हणतो तेवढ्यात सारंगखेड्याला दुसरं शिंगरू आलं असतं. खोटं नाही ते.