एका सुलभीकरणाचा रिव्ह्यू: दोन व्हीएमए केव्हा जोडावेत?

लिनक्स कर्नलच्या मेमरी व्यवस्थापनातला जो पॅच (कोडमधला प्रस्तावित बदल) मी तपासायला घेतला, त्यात नवी सोय कोणतीच नव्हती. शेजारचे दोन व्हीएमए एकत्र जोडता येतील का, हे ठरवणाऱ्या अटी दोन ठिकाणी जवळपास सारख्याच लिहिलेल्या होत्या. त्या एका फंक्शनमध्ये आणून बऱ्याच ओळी वगळल्या होत्या. व्हीएमए म्हणजे प्रोसेसच्या आभासी पत्त्यांचा सलग पट्टा, ज्यातील सर्व पेजेसना एकसारख्या परवानग्या असतात.

‘वागणुकीत कोणताही बदल नाही’ असे पॅचच्या वर्णनात म्हटले होते, आणि रिव्ह्यू करणाऱ्याने तपासायचे ते हेच विधान. चुकीचे व्हीएमए जोडले गेले तर गडबड लवकर उघडकीस येते. परंतु जोडणी नुसती थांबली तर काहीच कोसळत नाही. व्हीएमएंची संख्या वाढत राहते आणि एका प्रोसेससाठीची 65530 ही मूळ मर्यादा गाठली की, भरपूर मेमरी मोकळी असूनही, एममॅप (नवा पट्टा मागणारा सिस्टिम कॉल) अपयशी ठरू लागतो. असा दोष महिनोन्‌महिने लपून राहू शकतो, म्हणून मला तो अधिक धोकादायक वाटतो.

मी जुना आणि नवा कोड समोरासमोर ठेवून एकेक अट जुळवत गेलो. फ्लॅग्ज, फाइल आणि तिच्यातील ऑफसेट, मेमरी पॉलिसी, युजरफॉल्टएफडी (पेज फॉल्ट प्रोग्रामलाच हाताळू देणारी सोय) हे सारे जागच्या जागी होते. मात्र एक अट गळली होती: दोहोंपैकी एकाच व्हीएमएला अ‍ॅनॉन-व्हीएमए असेल, तर त्याच्या साखळीत एकच दुवा असला पाहिजे. फाइलचा आधार नसलेली पेजेस कोणकोणत्या व्हीएमएंत आहेत याची नोंद अ‍ॅनॉन-व्हीएमए ठेवतो, आणि साखळी म्हणजे व्हीएमए अशा ज्या नोंदींशी जोडलेला असतो त्यांची यादी. वाचताना ही अट खरोखर अनावश्यक भासते आणि ती काढणाऱ्याचा तर्क मला समजू शकत होता. गिटमधल्या कोडच्या इतिहासात मात्र 2011 मधील एक कमिट (नोंदवलेला बदल) सापडले, आणि त्यातून अटीचे कारण कळले. फोर्क म्हणजे पालक प्रोसेसने आपली प्रत, म्हणजे मूल प्रोसेस, तयार करणे. त्यानंतर मुलाकडे आलेल्या व्हीएमएचे लॉक पालक प्रोसेसशी सामायिक असते. त्याला नवा पट्टा जोडला, तर केवळ मुलाच्या वापरातल्या पेजेससाठीही त्याच लॉकवर गर्दी होते. उत्तर बरोबरच येते, वेग तेवढा घटतो, आणि नेहमीच्या चाचण्यांना त्याचा पत्ता लागत नाही.

म्हणून मी एक छोटी चाचणी लिहिली. पत्त्यांचा मोठा पट्टा आधी परवानगीविना राखून ठेवला, त्यातले पहिले पेज वाचण्या-लिहिण्यासाठी मॅप केले, पालकाने त्यात एक बाइट लिहिला आणि मग फोर्क केले. त्यानंतर दोन्ही प्रोसेसनी लगतचे पेज त्याच परवानग्यांनी मॅप केले व आपापली मॅप्स फाइल वाचली, जिच्यात प्रत्येक व्हीएमएची एक ओळ असते. मूळ कर्नलवर पालकाकडे या दोन पेजेसची मिळून एकच ओळ दिसली आणि मुलाकडे दोन. पॅच लावल्यावर दोन्हीकडे एकच. वागणूक बदलली होती हे सिद्ध करायला तेवढा फरक पुरेसा होता. लगेच दुसरी चाचणीही जोडली: सलग तीन पेजेसपैकी मधल्याची परवानगी एमप्रोटेक्टने (परवानग्या बदलणाऱ्या सिस्टिम कॉलने) काढली की एका ओळीच्या तीन होतात, आणि ती परत दिली की पुन्हा एक. हिचा निकाल दोन्ही कर्नलवर सारखाच आला.

लेखकाने दुसऱ्या आवृत्तीत अट परत आणली. ती का आहे हे सांगणारी टिप्पणी शेजारी असावी, असा आग्रह मी धरला होता. तीही त्याने घातली. माझ्या मते या पॅचमधली सर्वांत मोलाची भर तीच, कारण पुढचा सुलभीकरण करणारा तिथेच थांबून वाचेल.

त्यानंतर कर्नलसोबत येणाऱ्या मेमरीच्या सेल्फटेस्ट (तयार चाचण्या) क्यूएमू या आभासी यंत्रात चालवल्या, केएसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारे) आणि लॉकडेप (लॉकच्या वापरातील चुका पकडणारे) ही दोन्ही साधने सुरू ठेवून. व्हीएमए दुभंगताना मेमरीच मिळाली नाही तर काय होते, हे फेलस्लॅब या कर्नलमधल्या सोयीने मेमरी-वाटपात मुद्दाम अपयश घडवून पाहिले. एरवी त्या वाटेने कोड क्वचितच जातो. सर्व निकाल स्वच्छ आल्यावर मी ‘रिव्ह्यूड-बाय’ आणि ‘टेस्टेड-बाय’ (तपासले आणि चालवून पाहिले, असे सांगणारे) हे दोन्ही टॅग दिले, आणि फोर्कची चाचणी सेल्फटेस्टमध्ये घालण्यासाठी वेगळा पॅच पाठवला.